शंभर म्हणजे किती?

रक्तास लाली देणारें हिमोग्लोबिन हें लोहयुक्त प्रथिन होय. प्राणवायु शरीरभर पोंचविण्याचें काम त्याचेंच. तें उणें पडलें कीं माणूस फिकट दिसतो व चार पायऱ्या चढतांच त्यास दम लागतो. तें मोजण्याची सोपी युक्ति लंडनचे वैद्य विल्यम गॉवर्स यांनीं १८७८ सालीं काढली. नळींतील रक्ताच्या थेंबांत पाणी मिळवीत जावयाचें आणि शेजारच्या रंगीत नमुन्याशीं रंग जुळला कीं पाणी कोणत्या रेघेपर्यंत चढलें तें वाचावयाचें. निरोगी माणसाचें रक्त शंभर टक्के मानलें होतें.

परंतु निरोगी कोणास म्हणावें? खरी अडचण येथेंच होती. ऑक्सफर्डचे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं १९०१ सालीं तिला नेमकें उत्तर दिलें. रक्तांत कोळशाचा गॅस सोडला असतां येणारा टिकाऊ तांबडा रंग त्यांनीं नमुना धरला. आणि १०० घनसेंटिमीटर रक्तांत १८.५ घनसेंटिमीटर प्राणवायु मावेल तें रक्त शंभर टक्क्यांचें, असें ठरविलें. रंगामागें अशी मोजतां येणारी वस्तु उभी राहिली. हा आंकडाहि पुढें दुरुस्त करावा लागला, ही गोष्ट वेगळी.

बर्नचे हर्मान साली यांनीं अम्ल वापरलें. पद्धति स्वस्त व सुटसुटीत. म्हणून आपल्याकडील दवाखान्यांतून तीच रुळली. पण अम्लानें येणारा तपकिरी रंग सावकाश गडद होतो, आणि घाई केल्यास रक्त आहे त्याहून पातळ ठरतें. त्यांत सालींच्या मूळ शंभरांत सुमारें १७ ग्रॅम धरलेले, तर हॉल्डेन यांच्या शंभरांत १४ च्या आसपास! एका दवाखान्यांत जिचें रक्त ऐंशी टक्के भरलें, ती बाई दुसरीकडे जवळजवळ शंभर टक्क्यांची ठरावयाची. तिला लोहाचें औषध द्यावें कीं नाहीं, हें मग तिच्या रक्तापेक्षां वैद्याच्या कपाटांतील यंत्रावर अवलंबून राही. टिपकागदावरील डाग छापील रंगांशीं ताडण्याचीहि एक रीत होती. तिजविषयीं न बोललेलेंच बरें.

उपाय एकच होता: टक्के सोडून ग्रॅम धरणें. सायनाइडयुक्त द्रावणांत हिमोग्लोबिनचीं बहुतेक सर्व रूपें एका स्थिर रंगाचीं होतात, आणि तो रंग डोळ्यांऐवजीं प्रकाशमापकानें मोजतां येतो. १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनीं हीच पद्धति प्रमाण मानली व तिच्यासाठीं एक प्रमाणित द्रावण नेमून दिलें. त्या द्रावणाच्या कुपीवरून आपलें यंत्र किती खोटें बोलतें, हें कोणत्याहि देशांतील प्रयोगशाळेस पडताळतां येऊं लागलें.