थरथर स्वराची की आवाजाची?

१९५४ साली फिल्मिस्तानचा ‘नागिन’ पडद्यावर आला आणि त्यातल्या बिनेने लोकांना वेड लावले. संगीत हेमंतकुमार यांचे होते. आजही लग्नाच्या वरातीत बँडवाल्याने ती धून धरली की नाचणाऱ्यांचे हात फणा काढतात. परंतु ती बीन गारुड्याची नव्हतीच. कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या पेटीवर ती वाजवली. जोडीला रवी यांची हार्मोनियम होती.

क्लॅव्हिओलिन १९४७ साली फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी तयार केले. एका वेळी एकच सूर काढणारे, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे हे वाद्य. त्याचा अॅम्प्लिफायर आणि स्पीकर वेगळ्या खोक्यात. सुराला कंप देण्यासाठी त्यात खास बटणे होती. या कंपाला ‘व्हायब्रेटो’ म्हणतात: स्वर किंचित वर-खाली होतो. ‘ट्रेमोलो’ वेगळा. त्यात स्वर जागचा हलत नाही, आवाज मात्र लहान-मोठा होत राहतो.

नावांचा घोळ घातला तो अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने. १९५४ सालीच तिची स्ट्रॅटोकास्टर गिटार आली. तिच्या तारा सैल-ताठ करून स्वर हलवणाऱ्या दांडीला कंपनीने ‘ट्रेमोलो’ म्हटले. पुढे १९६०च्या दशकात आवाज लहान-मोठा करणाऱ्या अॅम्प्लिफायरवर मात्र ‘व्हायब्रेटो’ छापले. उलटी नावे कायमची चिकटली.

हा घोळ दुरुस्ती करणाऱ्यालाही नडतो. छापील नाव वाचून तो स्वर हलवणारा भाग शोधू लागतो; तो तिथे नसतोच. या अॅम्प्लिफायरमध्ये एक छोटा ऑसिलेटर सेकंदाला काही वेळा निऑनचा दिवा उघडमीट करतो. दिव्यासमोर प्रकाशाने बदलणारा रेझिस्टर असतो, आणि तो आवाज कमी-जास्त करतो. दोन्ही एका काळ्या नळीत बंद.

गिटार स्वच्छ वाजते, पण थरथर नाही, अशा वेळी आधी पायाचा स्विच पाहावा. तो जोडलेला नसला तर बऱ्याच मॉडेलमध्ये ऑसिलेटर सुरूच होत नाही. मग ऑसिलेटरचा व्हॉल्व्ह बदलून पाहावा. तरीही काम होत नसेल तर दिवा लुकलुकतो का, हे तपासावे. लुकलुकत असेल तर दोष बहुधा रेझिस्टरचा. नसेल तर ऑसिलेटरकडे वळावे; तिथले तीन छोटे कपॅसिटर वयोमानाने गळू लागलेले असतात. एक सावधगिरी मात्र हवी: बटण बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चारशेच्या आसपास व्होल्ट साठलेले राहू शकतात. ते उतरवल्याशिवाय आत हात घालणे जिवावर बेतू शकते.

काही रुपयांच्या कपॅसिटरपायी चांगले यंत्र भंगारात जाते, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे. त्याहून मोठी हळहळ नावांची. ‘नागिन’ची बीन घरोघर पोचली, वाजवणारा मात्र त्या बिनेआड राहिला. १९५८च्या ‘सम्राट चंद्रगुप्त’पासून कल्याणजी स्वतः संगीतकार म्हणून पुढे आले. पडद्यामागच्या बहुतेक वादकांच्या नशिबी तेही नव्हते. यंत्राची दुरुस्ती योग्य नावापासून सुरू होते. आपल्या संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही तिथूनच सुरुवात करायला हवी.