परमवीर चक्रामागची खानोलकरांची सून : सावित्रीबाई

१/ परमवीर चक्र हा भारताचा युद्धकाळातील सर्वोच्च शौर्यसन्मान. तो मिळवणाऱ्या वीरांची नावे अनेकांना पाठ असतात. परंतु त्या पदकाचे रेखाटन एका मराठी सेनाधिकाऱ्याच्या पत्नीने केले आणि तिचा जन्म स्वित्झर्लंडमध्ये झाला होता, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. हा धागा सावित्रीबाई खानोलकर यांच्याविषयी.

२/ जन्म २० जुलै १९१३, न्यूशातेल. माहेरचे नाव ईव्ह इव्होन माडे द मारोस. वडील हंगेरियन, समाजशास्त्राचे प्राध्यापक; आई रशियन. बालपण जिनिव्हात गेले. वडिलांच्या ग्रंथसंग्रहातील पुस्तकांतून भारताची ओढ लागली ती तेव्हापासूनच.

३/ १९२९ साली फ्रान्समधील शामोनी येथे ईव्हची विक्रम खानोलकर या तरुणाशी भेट झाली. ते सँडहर्स्टच्या सैनिकी विद्यालयात शिकत होते आणि सुटीत तेथे आले होते. वयातील अंतरामुळे वडिलांचा विवाहास विरोध होता. तरीही ईव्ह भारतात आली. १९३२ मध्ये लखनौ येथे विवाह झाला आणि ईव्हची ‘सावित्री’ झाली.

४/ त्या काळच्या छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांचे क्लब होते, युरोपीय समाज होता. युरोपात जन्मलेल्या स्त्रीला त्या वर्तुळात राहणे सहज सोपे होते. सावित्रीबाईंनी ते केले नाही. त्या साडी नेसू लागल्या, शाकाहारी झाल्या, मराठी, हिंदी आणि संस्कृत शिकल्या. पतीच्या बदल्यांबरोबर बिऱ्हाड हलत राहिले. दोन मुलींचा संसार सांभाळत त्यांनी वेद, उपनिषदे आणि पुराणांचा अभ्यास चालू ठेवला. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथही लिहिला.

५/ १५ ऑगस्ट १९४७ नंतर सैन्यापुढे एक विचित्र प्रश्न उभा राहिला. काश्मीरमध्ये जवान प्राणार्पण करीत होते. परंतु त्यांना द्यावयाचे स्वतंत्र भारताचे पदकच अस्तित्वात नव्हते. व्हिक्टोरिया क्रॉस ब्रिटिश राजसत्तेचा होता. नव्या सन्मानांची जबाबदारी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आली. सावित्रीबाईंची चित्रकला आणि प्राचीन वाङ्मयाचा व्यासंग त्यांना ठाऊक होता. हे काम त्यांनी सावित्रीबाईंकडे सोपवले.

६/ सावित्रीबाईंना आठवले ते दधीची ऋषी. वृत्रासुराच्या वधासाठी त्यांनी देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींपासून इंद्राचे वज्र घडले. पदकावर मधोमध राजमुद्रा आणि भोवती चार वज्रे आहेत; मागील बाजूस दोन कमळे; वर जांभळी फीत. धातू साध्या कांस्याचा, व्यास जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. येथे विजयाच्या खुणा नाहीत. दुसऱ्यांसाठी स्वतःच्या अस्थी देणाऱ्याची आठवण आहे. महावीर चक्र, वीर चक्र आणि अशोक चक्र यांची रेखाटनेही सावित्रीबाईंचीच मानली जातात.

७/ २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानले गेले. पहिले परमवीर चक्र ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे धारातीर्थी पडलेल्या मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर जाहीर झाले. योगायोग असा की, सोमनाथ हे सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीच्या पतीचे बंधू होत.

८/ आजवर २१ जणांना परमवीर चक्र मिळाले. त्यांपैकी १४ जणांना मरणोत्तर. म्हणजे बहुतेक वेळा ते स्वीकारायला पुढे आलेला हात वीराच्या पत्नीचा, आईचा वा वडिलांचा असतो. १९६५ च्या युद्धातील अब्दुल हमीद यांचे पदक त्यांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी स्वीकारले. मागे उरलेल्या या माणसांचे जग सावित्रीबाईंना परके नव्हते. जवानांच्या कुटुंबांसाठी आणि फाळणीत घरदार गमावून आलेल्या निर्वासितांसाठी त्या काम करीत होत्या. त्या कामाला ना पद होते, ना पगार.

९/ १९५२ मध्ये मेजर जनरल विक्रम खानोलकर यांचे निधन झाले. सावित्रीबाईंनी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. युरोपात परतण्याचा मार्ग मोकळा होता. त्या येथेच राहिल्या. रामकृष्ण मठाच्या आध्यात्मिक परंपरेकडे त्या वळल्या आणि सेवाकार्यही सुटले नाही. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

१०/ युद्धांच्या इतिहासात तारखा, तुकड्या आणि सेनापती यांची नोंद काटेकोरपणे होते. छावणीतील स्त्रियांनी एकमेकींच्या घरी जाऊन केलेली विचारपूस, निर्वासितांच्या छावणीतील दिवस, विधवेशेजारी बसून काढलेले तास यांची दफ्तरे कोणी ठेवत नाही. सावित्रीबाईंचे नाव उरले ते एका रेखाटनामुळे. तशाच सेवेत आयुष्य घालवलेल्या, पण ज्यांच्या हातून असे रेखाटन घडले नाही, अशा स्त्रियांचा इतिहास अजून घरोघरच्या पत्रांत आणि आठवणींत पडून आहे. आपल्या आजीकडे अशी एखादी पेटी असेल, तर ती उघडायला हवी. (समाप्त)