जिनिव्हाचे कारंजे आणि सिंदखेडचा मोती तलाव

मंडळी, जिनिव्हात सरोवराच्या काठी आलेला प्रवासी आधी तिथल्या उंच कारंज्याकडे पाहतो. पाणी १४० मीटर वर उडते. पण ते शोभेसाठी जन्मलेच नाही, बरं का! त्या शहरात पाण्याच्या दाबावर कारखान्यांची यंत्रे चालत. संध्याकाळी यंत्रे थांबली की दाब वाढे. तो सोडून द्यायला १८८६ साली ही वाट केली. लोकांना ते दृश्य आवडले आणि १८९१ मध्ये कारंजे सरोवरात आले.

आता आपल्याकडे या. देऊळगावहून सिंदखेड राजा जेमतेम अर्ध्या तासाची वाट. आपल्या गावाच्या नावातला 'राजा'सुद्धा त्याच जाधवांचा. तिथे जाऊन आपण काय करतो? जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकायचा, फोटो काढायचा, निघायचे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तर घाई आणखीच.

आमचे म्हणणे, पूर्ण दिवस द्या. सकाळी राजवाडा आणि रंगमहाल बघा. रंगपंचमीला जिजाऊ-शहाजींची सोयरीक ठरल्याची बखरीतली गोष्ट गोड आहे, पण पुरावा म्हणून पातळच. मग नीळकंठेश्वर, लखुजीरावांची समाधी. उन्हं चढली की पुतळा बारवेच्या पायऱ्यांवर बसा. आणि कलत्या दुपारी मोती तलाव.

जिनिव्हाचे सरोवर निसर्गाने दिले. हा तलाव जाधवांनी बांधून घेतला, दगडी बांध घालून, शेतीला पाणी मिळावे म्हणून. बांध देखणा आहे, पण तो आधी कामाचा आहे. लखुजीराव आपल्याला ठाऊक असतात ते दोनच तारखांनी: १५९८ मध्ये लेक जन्मली, १६२९ मध्ये देवगिरीला निजामशहाच्या दरबारात दोन मुलगे आणि नातवासह ते मारले गेले. मधली तीस वर्षे हा माणूस काय करत होता? लढाया होत्याच, बाजू बदलणेही होते. पण पाऊस बेभरवशाचा असलेल्या मुलखात कारभार म्हणजे काय, हे त्याला कळत होते. त्याची साक्ष कागदापेक्षा हा बांध जास्त देतो.

त्यांच्या खुनानंतर वर्षभरातच पाऊस दगावला. १६३० ते ३२, दख्खनचा तो भयंकर दुष्काळ. माणसे गाव सोडून गेली, शेते ओस पडली.

१२ जानेवारीला सिंदखेडला अफाट गर्दी लोटते. त्या दिवशी बांधापर्यंत चालत गेलात, तर तिथे तुम्हाला निवांत बसायला भरपूर जागा मिळेल.