चेंडू घेऊन धावण्याची मुभा

नेटबॉलमध्ये हाती चेंडू असता पळता येत नाही. तीन सेकंदांच्या आत तो दुसरीकडे द्यावा लागतो. न्यूझीलंडची पोर्शिया वुडमन प्रथम याच खेळात पुढे आली. वडील व चुलते ‘ऑल ब्लॅक्स’ या राष्ट्रीय रग्बी संघातले. स्त्रियांचे रग्बीही तेथे होतेच, पण त्यावर पोट भरत नसे. २००९ साली सातजणांच्या रग्बीला ऑलिंपिकची दारे उघडली, आणि २०१२ साली न्यूझीलंडने इतर खेळांतील मुलींचीही पारख आरंभिली. तीत पोर्शिया निवडली गेली.

मैदान मात्र पंधराजणांचेच. म्हणूनच २०१६ च्या रिओतील अंतिम सामन्यात पिवळे कार्ड मिळून तिला दोन मिनिटे बाहेर बसावे लागले, ते संघाला जड गेले. सहाजणींनी एवढे मैदान राखावे तरी कसे? ऑस्ट्रेलियाने २४-१७ असे सुवर्णपदक नेले.

पुढे २०१८ मध्ये टाचेची शीर तुटली. धावणे हेच जिचे भांडवल, तिला हा घाव केवढा! तरी २०२१ साली टोकियोत आणि २०२४ साली पॅरिसमध्ये तिच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. जागतिक मालिकेत गोलरेषेपलीकडे तिने अडीचशेंहून अधिक वेळा चेंडू टेकविला; दोनशेचा टप्पा गाठणारी ती पहिली स्त्री.