खण, बिडाचे खांब आणि ग्रिडची रेघ

'खण' म्हटलं की आपल्या पिढीला एक तर टेबलाचा ड्रॉवर आठवतो, नाहीतर ओटी भरताना नारळाबरोबर देतात तो ब्लाउजपीस. तिसरा खण मात्र जुन्या सुतारांबरोबर मागे पडला. जुन्या घरात दोन तुळयांमधली जी मोकळी जागा, तो एक खण. घर केवढं, तर तीन खणी, पाच खणी. चौरस फुटांची भानगड नंतरची.

आमच्या रत्नागिरीकडे भिंती जांभ्या चिऱ्याच्या, त्यामुळे घराचा बराचसा भार भिंतीच घेतात. पण ओटी, पडवी किंवा देवळाचा सभामंडप बघा, लाकडी खांब कसे ठरावीक अंतराने ओळीत उभे असतात. हे अंतर ठरवायचं मुख्यतः लाकूडच. केवढं लांब नि जाड लाकूड मिळतंय, ते न वाकता किती पेलेल, त्यावर खणाचं माप. आणि एकदा खण ठरला की मालक, सुतार, गवंडी तिघंही त्याच मापात बोलणार. "दुसऱ्या खणात जिना" एवढं म्हटलं की पुरे. कागदावर नकाशा नसला तरी काम अडत नसे.

आता आजचं बघू. रेव्हिट किंवा टेकलासारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्टीलच्या इमारतीची सुरुवात सहसा ग्रिडने होते. एका दिशेने ए, बी, सी, दुसऱ्या दिशेने 1, 2, 3. (आय आणि ओ ही अक्षरं बहुतेक जण गाळतात, 1 आणि 0 शी घोळ नको म्हणून!) रेव्हिटमध्ये तर रेघा सिलेक्ट करून 'ॲट ग्रिड्स' म्हटलं की जिथे जिथे रेघा छेदतात तिथे तिथे खांब. रेघ सरकवा, खांबही मागोमाग सरकतात. हे इतकं सोपं झालंय की ग्रिड ही सॉफ्टवेअरवाल्यांनी दिलेली एक सोय आहे असंच वाटतं. पण दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी, कागद-पेन्सिलीच्या जमान्यात, अशाच एका ग्रिडवर उभी केलेली इमारत आपल्या मुंबईत आहे. तिची गोष्ट सुरू होते लंडनला.

1851 साली लंडनच्या हाइड पार्कात मोठं प्रदर्शन भरलं. त्यासाठी जोसेफ पॅक्स्टनने लोखंड आणि काचेचा क्रिस्टल पॅलेस कल्पिला. लांबी 1848 फूट, रुंदी 408 फूट. आता दोन्ही आकड्यांना 24 ने भागून बघा: 77 आणि 17, बाकी शून्य! अख्खी इमारत 24 फुटांच्या खणांवर बेतलेली. 24 च का? छताच्या काचा 49 इंच लांबीच्या होत्या. त्या हिशोबाने दर 8 फुटांवर पन्हळ येत होती आणि तीन पन्हळींचे झाले 24 फूट. म्हणजे आपल्याकडे लाकूड जे काम करत होतं ते इथे काचेने केलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट त्या खांबांची. ओतीव लोखंडाचे, म्हणजे आपल्या भाषेत बिडाचे, पोकळ खांब. बाहेरून सगळ्यांचा व्यास 8 इंच. जिथे भार जास्त तिथे आतून जाडी वाढवलेली. त्यामुळे मधले गर्डर एकाच मापाचे बनवले तरी कुठेही बसायचे. इंटरफेस तोच, इम्प्लिमेंटेशन वेगळं... आपण हे कॉलेजात शिकलो, त्यांनी 1851 मध्ये ओतून दाखवलं.

त्या कामाच्या ड्रॉइंग्जवर रोलंड मेसन ऑर्डिश नावाचा इंजिनियर होता. पुढे त्यानेच मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचा सांगाडा डिझाइन केला. बिडाचे खांब नि घडीव लोखंडाच्या तुळया इंग्लंडात बनल्या, जहाजाने मुंबईला आल्या आणि 1867 ते 1869 या काळात जोडल्या गेल्या. विचार करा, फोन नाही, ईमेल नाही. एखादं भोक चुकलं तर दुसरी तुळई यायला काही महिने. इंग्लंडचा ओतारी आणि मुंबईचा फिटर एकमेकांना कधी भेटणारही नव्हते. दोघांमध्ये होता फक्त ड्रॉइंगवरचा ग्रिड. 7 जुलै 1896 ला ल्युमिए बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते याच हॉटेलात.

पुढची गोष्ट मात्र दुःखाची आहे. खांबांच्या सांगाड्याचा मोठा फायदा हा, की भार भिंतीवर नसल्यामुळे पार्टिशन हवं तिथे टाकता येतं. हॉटेल बंद झाल्यावर नेमकं तेच झालं. खोल्यांच्या खोल्या पाडत तिथे घरं नि ऑफिसं झाली, नाव पडलं एस्प्लनेड मॅन्शन. देखभाल मात्र होईना. 2005 साली सज्जाचा भाग कोसळला. 2019 मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने इमारत पाडावी असं सुचवलं आणि रहिवाशांना बाहेर काढावं लागलं. जो सांगाडा समुद्रापार येऊन जुळला, तो आतल्या माणसांना पार्टिशनमागे दिसेनासा झाला होता.

मला वाटतं, खण आणि ग्रिड यांत फरक आहे तो इथे. खण घरातल्या सगळ्यांच्या तोंडी होता. नातवालाही माहीत असायचं की तुळई कुठल्या खांबावर टेकलीय. ग्रिड मात्र फाइलमध्ये राहतो. डिझायनर, फॅब्रिकेटर आणि साइटवर काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट बसवणारा, या तिघांचं काम झालं की ती फाइल कोणी उघडत नाही. राहणाऱ्याला तर ती कधी मिळतच नाही.

आपण फ्लॅट घेताना कार्पेट एरिया, पार्किंग, सगळं विचारतो. मग इंटिरियरवाला येतो आणि "ही भिंत काढून हॉल मोठा करू" म्हणतो. त्या वेळी स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागायचं. खांब कुठल्या रेघांवर आहेत, तुळई कुठून कुठे जाते, हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून समजून घ्यायचं आणि मगच भिंतीला हात लावायचा. आजीला हे न विचारता माहीत होतं.