जळक्या ऑइलची गोष्ट

सोलापुरातल्या कुठल्याही गॅरेजात जा. इंजिनातून काढलेल्या काळ्याकुट्ट तेलाला तिथे एकच नाव आहे, जळकं ऑइल. गंमत म्हणजे ते फारसं जळलेलं नसतंच! ते मळलेलं असतं. त्यात काजळी, धातूचा कीस, थोडं पाणी आणि थोडं इंधन मिसळतं आणि वर घातलेली रसायनं संपून जातात. मूळ तेल मात्र बरंचसं शाबूत असतं. कपडा मळला म्हणून आपण जाळत नाही, धुतो. तेलाचंही तसंच करता येतं, पण ते सांगण्याआधी थोडं मागे जाऊया.

ऑगस्ट 1859 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ड्रेकच्या विहिरीला खनिज तेल लागलं आणि पुढच्याच वर्षी, 1860 मध्ये, रेल्वे सोलापुरात पोचली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला हा योगायोग आवडतो. कारण तोवर आपल्याकडे वंगण म्हणजे शेतातून आलेलं तेल. बैलगाडीचा आस असो की रेल्वेचं इंजिन, एरंडेलावर भागायचं. मोटारवाल्यांना ठाऊक असलेलं 'कॅस्ट्रॉल' हे नावसुद्धा या एरंडेलाच्या 'कॅस्टर' वरूनच आलंय! 1877 मध्ये सोलापुरात जुनी मिल सुरू झाली, मग आणखी गिरण्या आल्या, पुढे यंत्रमाग आले, ट्रक आले, रिक्षा आल्या. वंगणाची भूक वाढत गेली आणि एरंडाची जागा खनिज तेलाने घेतली.

आता माझा मुद्दा. तेल बदललं, पण आपल्या सवयी जुन्याच राहिल्या. आपल्याकडे काही वाया घालवायचं नाही ही रीत. उरलेलं एरंडेल दाराच्या बिजागरीला लावा, लाकडाला चोळा, सांडलं तरी माती ते पचवते. तीच काटकसर आपण जळक्या ऑइलला लावली. वाळवी लागू नये म्हणून वाशांना फासलं, स्लॅब टाकताना सेंटरिंगच्या प्लेटांना लावलं, भट्टीत जाळलं. हेतू चांगलाच होता हो! पण या तेलात जड धातू असतात. जाळलं की ते हवेत जातात, सांडलं की जमिनीत. एका गाडीतून एका वेळी निघालेलं ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे 38 लाख लिटर, गोडं पाणी नासवू शकतं, असा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा हिशेब आहे.

सोलापूरकराला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. गावाच्या मधोमध सिद्धेश्वर तलाव. आदिला नदी अडवून ब्रिटिशांनी 1871 च्या सुमारास बांधलेला हिप्परग्याचा एकरुख तलाव. आणि नळाला पाणी कधी येणार यावर दिवस आखलेली घरं. नाल्यात ओतलेलं तेल शेवटी अशाच कुठल्यातरी पाण्याकडे जातं.

असो. तेल धुणं म्हणजे काय? आधी तापवून पाणी आणि इंधन काढायचं, मग निर्वातात ऊर्ध्वपातन करायचं, शेवटी माती किंवा हायड्रोजन वापरून साफ करायचं. पुन्हा नवं मूळ तेल तयार. पूर्वी यासाठी सल्फ्युरिक ॲसिड वापरत आणि मागे उरायचा आम्लाचा विषारी चिखल. 2003 च्या घातक कचरा नियमांनी ती पद्धत बाद ठरवली.

त्याच काळात आपल्या न्हावाशेवा बंदरात 133 कंटेनर अडकून पडले होते. कागदावर 'वंगण तेल', आत मात्र परदेशातलं टाकाऊ तेल! सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2005 मध्ये ते सगळं भट्टीत नष्ट करायला लावलं, तेही आयातदारांच्या खर्चाने. बाहेरचं काळं तेल आपण पकडलं. घरचं मात्र डब्याडब्याने कुठे जातं हे विचारायला बराच वेळ लागला. 2023 मध्ये नियम बदलले आणि एप्रिल 2024 पासून तेल विकणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी आली. सुरुवात 5 टक्क्यांपासून, आणि पुढे टप्प्याटप्प्याने 50 टक्क्यांपर्यंत जायचंय.

एक गोष्ट गॅरेजवाल्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. त्यांच्याकडे हे तेल सहसा फेकलं जात नाही, कारण त्याला भाव आहे. प्रश्न एवढाच, की घेणारा ते नोंदणी असलेल्या कारखान्यात नेतो की वीटभट्टीत. भट्टीवाला चार पैसे जास्त देत असेल, तर पोट हातावर असलेल्या माणसाला नुसता उपदेश करून काय उपयोग? कंपन्यांवर टाकलेल्या या जबाबदारीमुळे नोंदणीवाल्याचा भाव चढला, तरच ही गोष्ट मार्गी लागेल.

तोवर आपल्या हातात थोडंसं आहे. घरी ऑइल बदलत असाल तर ते झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यात रॉकेल, पाणी, कूलंट काही मिसळू नका, आणि गॅरेजवर नेऊन द्या. आणि देताना सहज विचारा, "दादा, हे पुढे कोण नेतं?" दहा गिऱ्हाइकांनी विचारलं, तर अकराव्याला उत्तर तयार मिळेल.