गंजाचं कूळ

इंदूरमध्ये स्नेहलतागंज, मल्हारगंज, तुकोगंज, मनोरमागंज अशी गंजांची रांगच आहे. नावांचा पूर्वार्ध होळकर घराण्याची आठवण ठेवतो, हे इंदुरी मराठी माणसाला सांगावं लागत नाही. उत्तरार्ध मात्र ‘मुसलमानी अमदानीतला फारसी शब्द’ म्हणून निकालात निघतो. पेठ या अर्थापुरतं ते ठीक आहे. शब्द मात्र त्या अमदानीच्या कितीतरी आधी इथे आला. मथुरेच्या शोडास क्षत्रपाच्या काळातल्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखात ‘गंजवर’ म्हणजे खजिनदार भेटतो. कल्हणाच्या राजतरंगिणीतही गंज आहे, तो खजिन्याच्या अर्थाने. मग शब्द मूळचा संस्कृतच आणि इराणने तो उचलला, असं का म्हणू नये? याचा निकाल ‘वर’ या शेपटात आहे. वाहणं, सांभाळणं याचा संस्कृत धातू ‘भृ’. इराणी भाषांत ‘भ’चा ‘ब’ झाला, म्हणून तिकडे ‘बर’; पुढे तोच ‘ब’ मऊ होऊन ‘व’. शब्द भारतात घडला असता, तर ‘गंजभर’ झाला असता. शिवाय हिब्रूत खजिनदार ‘गिझबार’, ॲरेमाइकात खजिना ‘गिन्झा’, ग्रीकात ‘गाझा’. आणि राजाच्या खजिन्याला इराणी लोक ‘गाझा’ म्हणतात, असं रोमन इतिहासकार कर्टियसने नोंदवलं आहे. या साऱ्यांच्या मुळाशी अभ्यासक *गन्झ हे प्राचीन इराणी रूप मानतात.

*गन्झच्या डोक्यावरची ती चांदणी सांगते, की हे रूप लिहिलेलं कुठे सापडलेलं नाही, तर्काने मांडलेलं आहे. त्याला कल्पनाविलास म्हणणाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या अल्गॉन्क्वियन भाषांचा दाखला पाहावा. त्यांचे जुने लेख जवळपास नाहीतच. 1925 साली लिओनार्ड ब्लूमफील्डने फॉक्स, प्लेन्स क्री, मेनोमिनी, ओजिब्वे यांची तुलना करून ‘लाल’ या अर्थाच्या धातूसाठी एक वेगळा जोडध्वनी मांडला. त्या चारही भाषांत तो दुसऱ्या जोडध्वनींत मिसळून गेला होता. पुढे स्वॅम्पी क्री बोलीत नेमक्या त्याच शब्दात वेगळा जोडध्वनी ऐकू आला, आणि 1928 साली ब्लूमफील्डने तो जाहीर केला. पुरावा हाती येण्याआधी नियमाने त्याची जागा दाखवली होती, यापेक्षा मोठी कसोटी कोणती?

आक्षेप तरीही एक उरतो, आणि तो खरा आहे. याच भाषांत दारूला ‘अग्निजल’ अशा अर्थाचे जुळते शब्द आहेत. नियम लावले की त्यांचाही आदिशब्द तयार होतो. दारू मात्र युरोपीयांनी नेलेली. जुळणी वारशाची की उसनवारीची, हे नुसत्या ध्वनींवरून ठरत नाही. वस्तू, काळ आणि वाट तपासावी लागते. गंजाला हीच तपासणी लावली, तर मराठीत तो वारशाने आलेला नाही, हे उघड आहे. तो भारतात दोनदा उसना आला: एकदा क्षत्रपांच्या दप्तरातून खजिना होऊन, नंतर फारसीतून धान्याची पेठ होऊन. इंदूरचे गंज या दुसऱ्या वाटेचे.